नीलम घेतेस तर

साखरपुड्याला नीलम घालायचा म्हणतेस, तर घाल. आत्या नाक मुरडेल. शनीचा खडा, लग्नकार्यात कशाला, आधी तीन रात्री उशाखाली ठेवून बघ, असं सगळं म्हणेल. ठेव की! उशाखाली खड्याचं काही बिघडत नाही, आणि परतीच्या बोलीवर तो तीन दिवस घरी आला तर आपलाच फायदा. १९८१ साली डायनाच्या बोटात सिलोनी नीलमच होता, १२ कॅरेटचा. त्या संसाराचं पुढं काय झालं ते आत्यासमोर काढू नकोस, पण अंगठी आज तिच्या सुनेच्या बोटात आहे.

दुकानात गेल्यावर ‘खरा आहे ना?’ असं विचारू नकोस. कुणीही छातीवर हात ठेवून हो म्हणेल, आणि ते खोटंही नसेल. नीलम म्हणजे कुरुविंद, माणकाचा सख्खा भाऊ. लोह आणि टायटॅनियमचा अंश मिसळला की निळा, क्रोमियम मिसळलं की लाल. मग तो भट्टीत तापवलेला असो, वरून रंग चढवलेला असो की भेगांत काच भरलेला, दगड खाणीतलाच असतो. तेव्हा विचारायचं ते असं: ‘याच्यावर काय काय केलंय?’ आणि जे सांगतील ते बिलावर लिहून मागायचं. लिहायला का-कू केली की चहा पिऊन उठायचं.

तापवलेला म्हटल्यावर दचकू नकोस. बाजारातले बहुतेक नीलम भट्टीतूनच येतात. श्रीलंकेत गेउडा नावाचा दुधाळ दगड निघतो, त्याला पूर्वी कुणी विचारत नसे. १९७०च्या दशकात थाई व्यापारी तो उचलायला लागले आणि दीड हजार अंशांच्या वर तापवून त्याचा गडद नीलम करायला लागले. दुधाळपणा असतो तो आतल्या बारीक सुयांचा. उष्णतेनं त्या विरघळतात आणि त्यांतलं टायटॅनियम रंगाच्या कामी येतं. हा रंग टिकाऊ असतो. फक्त न तापवलेल्याचा भाव देऊन तापवलेला घेऊ नकोस, दोघांच्या भावात फार अंतर असतं. वरून टायटॅनियम चढवलेल्याचा रंग मात्र पापुद्र्यापुरता असतो, पुन्हा पॉलिशला दिला की उडतो. आणि काच भरलेला फुकट दिला तरी नको. ती काच लिंबाच्या रसानंसुद्धा खराब होते.

दुधात टाकला की दूध निळं दिसतं, ही परीक्षा तुला कुणीतरी सांगेलच. निळी काच टाकलीस तरी तेच दिसेल. त्यापेक्षा पांढऱ्या कागदावर पाण्याची काचेची वाटी ठेव, त्यात खडा सोड आणि दहापट भिंगातून बघ. रंगाचे पट्टे सरळ, कोनात वळलेले असतील तर दगड जमिनीतला. ग्रामोफोनच्या तबकडीसारखे वळणदार असतील तर यंत्रातला. कडांना आणि पैलूंच्या रेघांवर रंग गोळा झालेला दिसला तर वरून चढवलेला. पट्टे दिसलेच नाहीत तर उगाच निकाल देऊ नकोस, प्रयोगशाळेत धाड. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट आहे, जयपूरलाही प्रयोगशाळा आहे. पणजीच्या पेटीतला म्हणजे अस्सलच, असंही समजू नकोस. यंत्रातले निळे खडे १९१०च्या सुमारापासून निघताहेत.

पिवळा हवा असेल, म्हणजे बाजारातला पुष्कराज, तर प्रयोगशाळेच्या कागदाशिवाय हातच लावू नकोस. बेरिलियम घालून तापवलेल्याचा रंग आरपार गेलेला असू शकतो, तिथं आपली वाटी हरते. ‘सुनेला’ नावाचा दुसराच पिवळा खडा पुष्कराज म्हणून खपवतात ते वेगळंच. तसंच निळ्यात काकानीली. ती वाईट नाही, पण ती नीलम नव्हे.

‘काश्मिरी आहे’ म्हणाले की कौतुकानं ऐक, भाव मात्र त्याचा देऊ नकोस. १८८१च्या सुमारास पाडरच्या डोंगरात दरड कोसळली आणि तो मखमली निळा खडा वर आला. पाच-सहा वर्षांत उत्तम माल उपसून झाला. आता तो लिलावांत दिसतो. मोठ्या प्रयोगशाळेनं काश्मीर असं लिहून दिलं नसेल, तर ‘काश्मिरी’ हे निव्वळ रंगाचं कौतुक. सिलोनी किंवा मादागास्करचा चांगला खडा तुझ्या बोटाला भरपूर शोभेल.

रंग दुकानाच्या दिव्याखाली ठरवू नकोस, तिथं कोळसासुद्धा चमकतो. सकाळी खिडकीपाशी, पांढऱ्या कागदावर बघ, मग रात्री घरच्या पिवळ्या दिव्यात. रात्री शाईसारखा काळा पडणारा खडा सोडून दे. मधोमध आरपार अक्षर वाचता येत असेल तर घाट उथळ आहे, तोही नको. बाजूनं पोट सुटलेलं दिसलं तर तू वजनाचे पैसे देते आहेस, रंगाचे नाही. ज्योतिषी सवापाच रत्ती सांगतो, आणि ती भरावी म्हणून कारागीर पोटात दगड ठेवतो. रत्ती दुकानागणिक बदलते. कॅरेट कुठंही २०० मिलिग्रॅमचाच. भाव कॅरेटवर बोल.

कोंदण मागून उघडं ठेव. बंद असलं की मागं काय लावलंय ते कळत नाही. अंगठी मोत्यांच्या डबीत टाकू नकोस. हिऱ्याखालोखाल कठीण दगड आहे, मोती ओरबाडून निघतील. धुवायला कोमट पाणी, साबण, मऊ ब्रश पुरे. आणि पुढं कधी अंगठी सैल झाली, डाग द्यायचा असला, तर सोनाराला आधी खडा काढायला सांग. टाकणखार आणि आच एकत्र लागली की नीलमाचा वरचा भाग खाल्ला जातो, मग पुन्हा पॉलिश आणि वजनात घट. खडा काढेपर्यंत तिथंच बसून राहा.