लाईट चालू असताना

भाऊजींना गालाच्या कॅन्सरसाठी लाईट, म्हणजे रेडिएशन, सुरू झाली आणि श्रीवर्धनच्या आमच्या घरी सल्ले येऊ लागले. कुणी सदाफुलीची पानं चावायला सांगितली, कुणी गव्हांकुरांचा रस. एका नातेवाइकाने हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्या. "झाडपाल्याचंच आहे वहिनी, त्याने काय अपाय होणार?" भाऊजी म्हणाले. ज्या सुपारीवर आमची वाडी उभी आहे, तीही झाडाचीच. तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीने कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ सालीच सांगितलं आहे.

लाईटबरोबर केमोही होती. मध्यावर तोंड इतकं सोललं की पेजेचा चमचाही घशाखाली उतरेना. त्यातच रक्तात लिव्हरचे आकडे चढलेले निघाले आणि केमो थांबली. डॉक्टरांनी घरातली सगळी औषधं मागवली, तेव्हा ती कॅप्सूलची बाटली पुढे आली. लेबलवर बारीक अक्षरांत मिरीचा अर्कही होता. मिरीतलं पायपरिन हळदीतलं कर्क्युमिन रक्तात कित्येक पटीने जास्त पोचवतं, आणि अशा कॅप्सूलने लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी आहेत. आमटीतल्या हळदीला कुणाची हरकत नव्हती. कॅप्सूल बंद केल्यावर आकडे हळूहळू उतरले.

लाईट कॅन्सरच्या पेशी मारते ती बरीचशी फ्री रॅडिकल तयार करून. कर्क्युमिनसारख्या अँटिऑक्सिडंटचा मोठा डोस तेच विझवू शकतो. कॅनडात डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांना लाईटसोबत व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटिन दिलं होतं. २००५ साली निष्कर्ष आले: त्रास कमी झाला, पण आजार उलटण्याकडे कल जास्त दिसला.

वनस्पतींत ताकद आहेच, म्हणून तर जपून वागायचं. सदाफुलीतून व्हिनक्रिस्टिन मिळालं, पण ते शिरेतून, मोजून देतात; पान चावताना मात्रा कोण मोजणार? आपल्याच जिल्ह्यात, खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात, डॉ. इंद्रनील मित्रा यांचा गट द्राक्षातलं रेस्व्हेराट्रॉल आणि तांबं अत्यल्प मात्रेत एकत्र देऊन उपचारांचा त्रास कमी होतो का, ते तपासतो आहे. २०२४ मध्ये त्याची बातमी गाजली. एरवी अँटिऑक्सिडंट असलेलं रेस्व्हेराट्रॉल तांब्याबरोबर नेमकं उलटं वागतं. हे स्वयंपाकघरात, अंदाजाने जमणारं काम नाही.

तेव्हा काढा, चूर्ण, कॅप्सूल, जे काही घेत असाल ते बाटलीसकट डॉक्टरांसमोर ठेवा. रागावतील म्हणून लपवू नका. तोंड आलं तर गुळण्या आणि दुखणं कमी करायची औषधं तिथेच मागा, पण लाईटचा दिवस चुकवू नका. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये मध्येच खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढायला लागतात.