उंदराचं हृदय आणि डुकराची चरबी

हृदयाच्या इंधनावर प्रयोगशाळेत बरीच वर्षं घालवल्यावर काही गोष्टी पक्क्या झाल्या. त्या अशा.

१. चरबी हृदयाला परकी नाही. हृदय कशावर चालतं, असं वर्गात विचारलं की निम्मे हात ‘ग्लुकोज’ म्हणत वर जातात. खरं तर निरोगी हृदय साधारण ६० ते ७० टक्के ऊर्जा फॅटी ॲसिड जाळून मिळवतं. उरलेली ग्लुकोज, लॅक्टेट आणि थोड्याफार कीटोनमधून. गर्भात हे उलट असतं. जन्मानंतर दूध सुरू झालं की हृदय चरबीकडे वळतं.

२. ‘हाय फॅट’ या शब्दांवर जाऊ नये, आधी खाद्य बघावं. प्रयोगातल्या उंदरांच्या एका नेहमीच्या ‘हाय फॅट’ खाद्यात ६० टक्के उष्मांक चरबीचे असतात आणि ती बहुतेक डुकराची. गोळी हाताला मऊ, तेलकट लागते. कागदावर ठेवली की डाग पडतो, फ्रीजबाहेर राहिली की खवट वास येतो. उंदीर ती कुरतडून चुरा खाली भुशात पाडतात. तो चुरा वजा केला नाही, तर उंदराने जास्त खाल्लं असं वहीत चढतं. तुलनेचा दुसरा गट साध्या धान्याच्या खाद्यावर ठेवला, तर तंतुमय पदार्थही बदलतात, साखरही बदलते. मग दोष एकट्या चरबीला कसा द्यायचा? अशा निष्कर्षावरून ‘तुपाने हृदय थकतं’ अशी बातमी होते, तेव्हा मी पान उलटतो.

३. खरा बिघाड पर्याय संपण्यात आहे. फिलिप रँडल आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली उंदराच्या हृदयावर आणि श्वासपटलावर काम करून मांडलं, की चरबी जळू लागली की ग्लुकोजचं ज्वलन मागे पडतं. ग्लुकोजपासून आलेलं पायरुव्हेट मायटोकाँड्रियात ज्या एन्झाइममुळे पुढे जातं, त्यालाच खीळ बसते. हे तेवढ्यापुरतं असतं तेव्हा उत्तमच. पण आठवडेच्या आठवडे चरबीचा मारा राहिला, की ही खीळ घालणारं पीडीके-४ नावाचं प्रथिन वाढतं. मग जेवणानंतर इन्सुलिन आलं तरी हृदय पूर्वीसारखं ग्लुकोजकडे वळत नाही. इको केला तर ठोके मात्र ठणठणीत दिसू शकतात.

४. फेसाला कंटाळू नये. काढलेलं हृदय नळीला टांगून कोमट द्रावणावर धडधडत ठेवायची पद्धत लँगेनडॉर्फ यांची, १८९५ची. द्रावणात नुसतं ग्लुकोज घातलं तर काम सोपं असतं. फॅटी ॲसिड मात्र पाण्यात नीट विरघळत नाही, ते अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधूनच द्यावं लागतं. अल्ब्युमिनमध्ये ऑक्सिजनचे बुडबुडे सोडले, की फेस नळ्यांमधून टेबलावर. म्हणून पुष्कळजण चरबी वगळतात. पण मग ते हृदय ग्लुकोज जाळतं, कारण दुसरं काही दिलेलंच नसतं!

५. ऑक्सिजनचा हिशेब मांडावा. तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये चरबी ग्लुकोजपेक्षा साधारण १० टक्के कमी एटीपी, म्हणजे पेशीला वापरता येणारी ऊर्जा, देते. धडधाकट हृदयाला याचं काही वाटत नाही, धमनी अरुंद झालेल्याला वाटू शकतं. अंजायनासाठी दिली जाणारी ट्रायमेटाझिडीनची गोळी चरबीचं ज्वलन रोखून काम करते, असं मानलं जातं.

६. जळते त्यापेक्षा न जळता साठते ती चरबी जास्त जाचक. आवक ज्वलनापेक्षा वाढली, की पेशीत सेरामाइडसारखे पदार्थ जमतात आणि इन्सुलिनचा निरोप आतपर्यंत पोचत नाही.

७. लग्नाकार्यात हमखास कोणीतरी गाठतं : ‘डॉक्टर, कीटो केलं तर हृदयाला बरं का?’ आमच्या उंदरांच्या त्या खाद्यात २० टक्के उष्मांक कर्बोदकांचे असतात. कीटोमध्ये ती त्याहून खूप खाली आणतात. तेव्हा या प्रश्नाचं उत्तर माझ्या उंदरांकडे नाही, आणि त्यांच्या वतीने मीही ते देत नाही.