जनरेटर सुरू का होत नाही?

मुलांनो, छत्रपती संभाजीनगरच्या शहागंज बाजारात वीज गेली की काय होते, ते तुम्ही पाहिले असेल. क्षणभर अंधार पसरतो. मग दुकानांपुढचे छोटे जनरेटर धडधडू लागतात. पण एखादा जनरेटर दोरी कितीही ओढली तरी सुरूच होत नाही. दुकानदार घामाघूम होतो. अशा वेळी तुम्ही काय पाहाल?

आधी सोप्या गोष्टी पाहा. इंजिनाचे बटण चालू आहे का? टाकीत पेट्रोल आहे का? पेट्रोलचा कॉक उघडला आहे का? हसू नका, पुष्कळदा तो बंदच असतो! इंजिन थंड असेल तर चोक ओढावा लागतो (सिटी चौकातला 'चौक' नव्हे!). मात्र चोक ओढून पुन्हा पुन्हा दोरी ओढली, तर प्लग पेट्रोलने भिजतो. मग थोडा वेळ थांबावेच लागते.

आता ऑइल पाहा. अनेक जनरेटरांत ऑइल कमी झाले की ठिणगी पडतच नाही. हा बिघाड नव्हे. इंजिन खराब होऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे.

जनरेटर कित्येक महिने पडून असेल, तर जुने पेट्रोल चिकट होते आणि कार्बोरेटरचे बारीक छिद्र बुजते. ते काम मिस्त्रीकडेच द्या.

जनरेटर सुरू झाला, की पावसाच्या भीतीने तो दुकानात ओढू नका. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. माणूस बेशुद्ध पडतो, पण का ते त्याला कळतही नाही. शटर अर्धे उघडे ठेवले तरी हा धोका टळत नाही.