माता-बालकांचा अभ्यास आणि गावाचा सहभाग

बालकाचे वजन करणे ही आपल्या खेड्यांतून आता नित्याची गोष्ट झाली आहे. अंगणवाडी सेविका मुलाला काट्यावर ठेवते, आकडा वाचते, वहीत लिहिते आणि माता मुलाला कडेवर घेऊन घरी जाते. तो आकडा पुढे कोठे जातो, त्याचा अर्थ कोण लावतो आणि त्या अर्थातून त्या मातेच्या पदरात काय पडते, हे प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहीत. रुग्णालयांमार्फत कुटुंबांचे जे दीर्घकालीन अभ्यास होतात, त्यांच्या बाबतीत तर हे प्रश्न अधिकच महत्त्वाचे ठरतात. रक्ताचा नमुना, रोजच्या आहाराचा तपशील, पाळीच्या तारखा या खाजगी गोष्टी कुटुंबे परक्या माणसांच्या हाती विश्वासाने देत असतात. या विश्वासाची परतफेड कशी व्हावी आणि त्या कामी ग्रामपंचायत, शाळा व शासकीय कर्मचारी यांचा वाटा कोणता, याचा विचार पुण्यातील एका अभ्यासाच्या आधारे प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रसूतिगृहापासून खेड्यापर्यंत

पुण्याच्या रास्ता पेठेतील केईएम रुग्णालय हे मुंबईच्या त्याच नावाच्या रुग्णालयाहून वेगळे आहे. १९१२ साली एका लहानशा प्रसूतिगृहाच्या रूपाने त्याची सुरुवात झाली. १९४४ मध्ये डॉ. बानू कोयाजी तेथे रुजू झाल्या आणि पुढील काही दशकांत या प्रसूतिगृहाचे मोठ्या सर्वसाधारण रुग्णालयात रूपांतर झाले. शहरातील खाटा वाढवून खेड्यातील बाळंतिणीचा प्रश्न सुटत नाही, हे डॉ. कोयाजींनी ओळखले होते. म्हणून १९७० च्या दशकात शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुकच्या परिसरात त्यांनी ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले आणि गावातल्याच व्यक्तींना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे आरोग्याची प्राथमिक जबाबदारी सोपविली. १९९३ साली त्यांना लोकसेवेसाठी मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला.

रुग्णालय आणि खेडे यांच्यात असे नाते आधीच निर्माण झाले असेल, तर तेथे संशोधनालाही पाय रोवता येतो. पुण्यातील अभ्यासाकडे वळण्यापूर्वी त्यामागील विचार कोठून आला हे पाहणे उपयुक्त ठरेल.

जुन्या नोंदवह्यांचे मोल

इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून सुईणी व आरोग्य परिचारिका प्रत्येक बालकाची नोंद ठेवू लागल्या. एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंच्या देखरेखीखाली हे काम चाले. बालकाचे जन्माचे वजन, वर्षाच्या वाढदिवसाचे वजन, ते अंगावर पीत होते की बाटलीने, एवढ्या साध्या गोष्टी त्या वह्यांत लिहिल्या जात. सुमारे सात दशकांनंतर साउदम्प्टन येथील डॉ. डेव्हिड बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या वह्या धुंडाळल्या. १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांच्या नोंदींवरून त्यांनी १९८९ मध्ये असे दाखवून दिले की, ज्यांचे जन्माचे व वर्षाचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत अधिक होते. गर्भाशयात आणि पहिल्या वर्षात झालेल्या पोषणाचा ठसा उतारवयापर्यंत टिकतो, हा विचार त्यातून पुढे आला.

या घटनेचे दोन बोध आहेत. नेटाने व प्रामाणिकपणे लिहिलेली साधी नोंदवही काळाच्या ओघात किती मोलाची ठरते, हा पहिला. दुसरा बोध तितकाच विचारात घेण्याजोगा आहे. त्या नोंदींचा अर्थ उमगला, तेव्हा ज्या मातांनी आपली बालके काट्यावर ठेवू दिली त्यांतील बहुतेक जणी तो ऐकण्यास उरल्या नव्हत्या.

सहा गावांचा अभ्यास

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या संदर्भात हाच प्रश्न हाती घेतला. १९८७ ते १९८९ या काळात त्या रुग्णालयात जन्मलेल्या मुलांची चौथ्या वर्षी तपासणी करण्यात आली. जन्मतः कमी वजनाच्या मुलांच्या रक्तात साखर दिल्यानंतर साखरेचे व इन्सुलिनचे प्रमाण अधिक राहते, असे तीत आढळले. तथापि हा अभ्यास जन्मापासून मागे जाऊ शकत नव्हता. मातेचा आहार, तिची उंची, वजन व श्रम यांची नोंद गर्भधारणेपूर्वीपासून झाल्याखेरीज प्रश्नाच्या मुळाशी पोहोचणे शक्य नव्हते.

यासाठी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत माता-पोषण अभ्यासाला प्रारंभ झाला. सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रियांनी त्यात भाग घेतला. अभ्यासाचे कार्यकर्ते दर महिन्याला घरोघर जाऊन पाळीच्या तारखा टिपत. गर्भ राहिल्यावर आहाराची बारकाईने नोंद होई, अठराव्या व अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास रक्त तपासले जाई आणि बाळाची मापे जन्मानंतर तीन दिवसांच्या आत घेतली जात. सुमारे आठशे गर्भवतींची अशी सविस्तर माहिती गोळा झाली. पहिल्या बाळंतपणासाठी लेक माहेरी येते आणि सून माहेरी जाते, ही आपली रीत लक्षात घेता तीन दिवसांच्या आत बाळापर्यंत पोहोचणे हे काम किती चिकाटीचे असेल, याची कल्पना आरोग्य सेविकांना सहज येईल.

ही मुले सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षाच्या सुमारास पुन्हा तपासण्यात आली. २०१२ पासून त्यांतील तरुण-तरुणींना ब-१२ जीवनसत्त्वाचा पुरवठा करणारा पुढील टप्पा सुरू झाला आणि त्यांच्या अपत्यांच्या रूपाने तिसरी पिढी अभ्यासात आली. आजी, आई आणि नातवंड अशा तीन पिढ्यांची माहिती एकाच कुटुंबातून मिळणे ही जगातही विरळा गोष्ट आहे. कोणतेही यंत्र अथवा अनुदान हे घडवू शकत नाही. कुटुंबे दार उघडतात म्हणूनच ते घडते.

काय आढळले

या अभ्यासातून पुढे आलेल्या तीन गोष्टी प्रत्येक गावाला ठाऊक असावयास हव्यात.

पहिली गोष्ट बालकाच्या शरीररचनेची. पुण्याजवळच्या गावांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम होते, तर साउदम्प्टनमधील बालकांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम. आपली बालके लहान व सडपातळ होती. त्यांचे स्नायू कमी होते. परंतु त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. वरून कृश आणि आतून मेदयुक्त अशी ही ठेवण पुढे मधुमेहाला पोषक ठरू शकते. मधुमेह हा केवळ सुखवस्तू माणसांचा रोग होय, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

दुसरी गोष्ट आहाराची. गर्भारपणात हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध यांचे सेवन अधिक वेळा करणाऱ्या मातांची बालके आकाराने मोठी आढळली. भाकरी पोटभर मिळते की नाही, एवढेच पाहून भागत नाही, असा याचा अर्थ आहे.

तिसरी गोष्ट ब-१२ जीवनसत्त्वाची. दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ते कमी होते. फोलेटची कमतरता मात्र जवळजवळ नव्हतीच. ज्या मातांमध्ये फोलेट अधिक आणि ब-१२ कमी असा असमतोल होता, त्यांच्या मुलांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सहाव्या वर्षी सर्वांत मंद आढळला. पालेभाजी व डाळींतून फोलेट मिळते, पण ब-१२ वनस्पतींतून मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. घरात गाय आहे, पण दूध सगळे डेअरीला जाते आणि सुनेच्या वाट्याला चहापुरतेच उरते, अशा घरात हा प्रश्न कसा निर्माण होतो हे समजावून सांगण्याची गरज नाही.

अर्धवट माहितीचा धोका

माहिती परत नेण्याचे काम जबाबदारीचे का आहे, हे या तिसऱ्या निष्कर्षावरून दिसून येते. ‘फोलेट अधिक असणे वाईट’ एवढेच वाक्य गावात पोहोचले, तर गर्भवती स्त्रिया शासनाकडून मिळणाऱ्या लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेणे सोडून देतील. ते अनर्थकारक होईल. या गोळ्या रक्तक्षय टाळतात. गर्भधारणेच्या आधीपासून घेतलेले फॉलिक आम्ल बालकाच्या मेंदूतील व मज्जारज्जूतील जन्मजात व्यंगांपासून संरक्षण करते. गोळी बंद करू नये, तिच्या जोडीला ब-१२ मिळेल असा आहार घ्यावा आणि शंका असल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा, हा संदेश पुरता पोहोचला पाहिजे. संशोधकांनी मौन पाळले, तर ऐकीव गोष्टी त्यांची जागा घेतात; आणि ऐकीव गोष्टींना उत्तर देण्याची पाळी शेवटी आशा कार्यकर्ती व मुख्याध्यापक यांच्यावर येते.

संमती म्हणजे केवळ सही नव्हे

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सहभागी व्यक्तींचे हक्क स्पष्ट केले आहेत. अभ्यास कशासाठी आहे, त्यात काय करावे लागेल, त्रास अथवा धोका कोणता आणि लाभ कोणता, हे सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत सांगणे आवश्यक आहे. नकार देण्याचा व मध्येच बाहेर पडण्याचा अधिकार तिला आहे आणि त्यामुळे तिच्या उपचारांत कोणतीही उणीव येता कामा नये. बालकांच्या बाबतीत पालकांची संमती लागतेच; शिवाय सात वर्षांवरील मुलाची स्वतःचीही मान्यता घ्यावी लागते. अभ्यासाला परवानगी देणाऱ्या नीतिमत्ता समितीत सामान्य नागरिकाचाही समावेश असतो.

कुटुंब-अभ्यासात संमतीचा प्रश्न एका सहीने मिटत नाही. १९९३ मध्ये मातेने होकार दिला, म्हणून तिची लेक २०१२ मध्ये बांधील ठरत नाही. मूल जाणते झाले की त्याला पुन्हा विचारावे लागते. सासऱ्यांनी अथवा सरपंचांनी दिलेला होकार हा सुनेचा होकार नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. गावप्रमुखांची अनुमती हे गावात प्रवेश करण्याचे सौजन्य होय. निर्णय ज्या त्या व्यक्तीचा.

माहिती परत कशी न्यावी

कुटुंबांना कळवावयाच्या माहितीचे दोन प्रकार पडतात आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये.

व्यक्तीचे निष्कर्ष केवळ त्या व्यक्तीला, खाजगी रीतीने व विनाविलंब कळवावेत. रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब वा रक्तातील साखर आढळल्यास अभ्यास पुरा होण्याची वाट पाहू नये. संबंधित स्त्रीला ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा रुग्णालयात पाठवावे. असे आकडे सभेत वाचून दाखविणे सर्वथा अयोग्य होय. एखाद्या सुनेचा दोष काढण्यास वा एखाद्या मुलीचे लग्न मोडण्यास असा एक आकडाही पुरेसा होतो.

समूहाचे निष्कर्ष मात्र सर्व गावाला, मराठीत आणि गावाच्या मापांत सांगावेत. ‘मायक्रोग्रॅम’ ऐवजी पेलाभर दूध, वाटीभर भाजी, एक अंडे अशा शब्दांत ते सांगितले म्हणजे समजतात. निष्कर्ष अपुरे असतील तर तसे स्पष्टपणे सांगावे. लोक अपूर्णता समजून घेतात. लपवाछपवी मात्र ते विसरत नाहीत.

आपला वाटा

आपल्या गावात असा अभ्यास चालू असो वा नसो, पुढील गोष्टी प्रत्येक गावाला करता येण्याजोग्या आहेत.

ग्रामपंचायत सदस्यांनी संशोधनासाठी येणाऱ्या संस्थेस चार प्रश्न विचारावेत: नीतिमत्ता समितीची मान्यता आहे काय, माहिती गुप्त कशी राखणार, कोणाला आजार आढळल्यास उपचारांची व्यवस्था काय, आणि निष्कर्ष गावाला केव्हा सांगणार. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराची नोंद ग्रामसभेच्या इतिवृत्तात करावी. ग्रामसभेपूर्वी होणारी महिला सभा ही असे निष्कर्ष ऐकण्याची व प्रश्न विचारण्याची सर्वांत योग्य जागा होय, कारण पुरुषांनी भरलेल्या सभेत स्त्रिया या विषयावर बोलत नाहीत.

शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला मुलांकडून घरच्या आठवड्याच्या आहाराचा तक्ता करवून घ्यावा. घरात कोण शेवटी जेवते आणि त्याच्या ताटात काय उरते, हे मुले जाणतात. मात्र कोणाच्याही घराचा तक्ता वर्गात जाहीरपणे वाचू नये. आजच्या किशोरवयीन मुली-मुलांचे पोषण ही उद्याच्या बालकांची पूर्वतयारी आहे, एवढे त्यांच्या मनावर ठसले तरी पुष्कळ झाले.

अधिकाऱ्यांनी नोंदींच्या अचूकतेकडे लक्ष द्यावे. वरिष्ठांना आवडेल असे वजन वहीत लिहिले गेले, तर त्या बालकाला मदत मिळत नाही आणि पुढील पिढीच्या हाती खोटी वही पडते. कमी वजनाची नोंद करणाऱ्या सेविकेस बोल लावण्याऐवजी त्या नोंदीवर काय कार्यवाही झाली, याची विचारणा व्हावी. ग्राम आरोग्य व पोषण दिनी गावातील नोंदींचा सारांश, कोणाचेही नाव न घेता, मातांसमोर मांडता येईल.

समारोप

पुण्याजवळच्या सहा गावांनी तीस वर्षांहून अधिक काळ विज्ञानाला जे दिले, त्याची किंमत पैशांत होण्याजोगी नाही. मातेच्या ताटातील एक वाटी भाजी आणि पेलाभर दूध यांचा नातवंडाच्या प्रकृतीशी संबंध असू शकतो, हे तेथील स्त्रियांच्या सहकार्यामुळे आपल्याला समजू लागले. ते ज्ञान नियतकालिकांच्या पानांतच राहिले, तर हर्टफर्डशायरच्या मातांप्रमाणे आपल्या माताही आपल्याच माहितीपासून वंचित राहतील. माहिती घराघरांतून गोळा होते. तिचा अर्थही घराघरांत परत गेला पाहिजे. पुढच्या वेळी अंगणवाडीत बालकाचे वजन होईल, तेव्हा तो आकडा मातेला समजावून सांगून याची सुरुवात करता येईल.