दुआ : भक्ताची हाक

इस्लाममधील नित्य उपासना आणि वैयक्तिक प्रार्थना यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. दिवसातून पाच वेळा करावयाची नमाज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने व अरबी भाषेत होते. दुआचे तसे नाही. दुआ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ हाक मारणे असा आहे. ही हाक कोणत्याही वेळी आणि मातृभाषेतही देता येते. बहुधा दोन्ही हात उचलून, तळवे वर करून ती केली जाते. आधी ईश्वराची स्तुती, मग पैगंबरांसाठी शुभचिंतन आणि त्यानंतर मागणे, असा शिष्टाचार आहे.

कुराणाच्या दुसऱ्या सूरेत, रमजानच्या उपवासाचे नियम सांगणाऱ्या आयतींच्या मध्येच, १८६ वी आयत येते. लोकांनी पैगंबरांना विचारलेल्या प्रश्नांचा उल्लेख जेथे येतो, तेथे त्यांना अमुक सांग, अशी आज्ञा सामान्यतः असते. येथे मात्र ती नाही. आपण जवळच आहोत व हाकेला उत्तर देतो, असे ईश्वर स्वतःच कळवितो. भाष्यकारांनी या भेदात ईश्वराचे सान्निध्य पाहिले आहे.

परंतु सर्व काही ईश्वराने आधीच नेमले असेल, तर मागण्यात अर्थ काय? अल्-गझाली (१०५८-११११) यांनी 'इह्या उलूम अद्-दीन' या ग्रंथात या प्रश्नाचा विचार केला आहे. ढालीने बाण अडतो, पाण्याने बी रुजते. तसेच दुआ हे संकट टळण्याचे एक कारण असून ते कारणही ईश्वरी योजनेतच अंतर्भूत आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. नियतीवर श्रद्धा आहे म्हणून कोणी ढाल टाकून देत नाही.

तरीही काही मागणी अपुरीच राहते. याविषयी हदीसमध्ये असे सांगितले आहे की, दुआचे फळ तीन प्रकारचे असते : मागितलेले मिळते, परलोकासाठी राखून ठेवले जाते, किंवा तितकेच एखादे अरिष्ट टळते. उत्तर आले नाही म्हणून उतावीळ होऊन दुआ सोडणे मात्र अनुचित मानले आहे.

अय्यूब, म्हणजे बायबलमधील ईयोब, यांची दुआ या दृष्टीने लक्षणीय आहे. एकविसाव्या सूरेत ते आपली पीडा सांगतात आणि ईश्वराची दया आठवितात. रोगमुक्तीची मागणी शब्दांत करीतच नाहीत. पुढच्याच आयतीत त्यांची हाक ऐकली गेल्याचा उल्लेख आहे.