शिकवणीचा जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला प्रत्येक व्यवहाराच्या दोन बाजू पाहण्याची सवय लागते. शिकविण्याच्या व्यवहारात मात्र आपण एकच बाजू पाहतो. विद्यार्थ्याला काय मिळाले ते गुणपत्रिका सांगते; शिकविणाऱ्याच्या पदरी काय पडते?

गेल्या उन्हाळी सुटीत सिल्वासाला मामांकडे असताना जवळच्या पाड्यावरील एका वारली मुलाला मी पुस्तपालन शिकविले. त्याला अकरावीची फेरपरीक्षा द्यायची होती. ती सुटली नाही, तर त्याने कारखान्यात रोजावर जायचे, असे घरी ठरले होते. २०११ च्या जनगणनेनुसार दादरा व नगर हवेलीतील निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत. या मुलाच्या घरी वारली बोली, बाजारात गुजराती, आणि पुस्तकात 'रोजकीर्द', 'खतावणी', 'तेरीज'! माझ्या घरी कन्नड व शाळेत मराठी. त्यामुळे त्याची ओढाताण मला परकी नव्हती.

'जे येते ते नावे, जे जाते ते जमा' हा नियम त्याला तोंडपाठ होता. पण उदाहरण दिले की तो वहीवर हात आडवा धरी, खोडता यावे म्हणून पेन्सिल हलकी चालवी आणि प्रत्येक ओळीला माझ्या तोंडाकडे पाही.

त्याची आई भाजी विकते. एके दिवशी पुस्तक मिटून मी तोच धंदा उदाहरणाला घेतला. समजा, ४०० रुपयांची भाजी रोखीने घेतली व सगळी ५५० ला विकली. त्यांपैकी ७० रुपये शेजारणीकडे उधार. तो चटकन म्हणाला, "नफा दीडशे, पण हातात ऐंशीच वाढले. सत्तर शेजारणीकडे आहेत." मग नोंदी त्यानेच केल्या : खरेदी खाते नावे ४००, रोख खाते जमा ४००, रोख खाते नावे ४८०, शेजारणीचे खाते नावे ७०, विक्री खाते जमा ५५०. नफा आणि रोकड एक नव्हेत, हे त्याला आधीपासूनच माहीत होते. त्या ज्ञानाला पुस्तकात जागा आहे, एवढेच त्याला नवे होते.

येथून जवळच, डहाणू तालुक्यात, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी हीच वाट चोखाळली होती. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेले त्यांचे काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून त्यांनी कुरणावरच शाळा नेली. पाड्याच्या अंगणात बालवाडी भरविली. मुलाला जे येते तेथून आरंभ केला, की त्याची भीती ओसरते.

पंधरा दिवसांनी एका उदाहरणाची तेरीज जुळेना. मी बोलणार, तोच तो म्हणाला, "ताई, सांगू नका. मी काढतो." त्याने अर्धा तास घेतला, पण चूक स्वतः शोधली. त्या दिवसापासून तो पेनने लिहू लागला. पुढे तो उत्तीर्ण झाल्याचे मामांनी कळविले. आनंद झालाच, परंतु माझी खरी कमाई 'सांगू नका' या दोन शब्दांत होती. धंद्यात गिऱ्हाईक आपल्यावाचून चालवू लागले तर तो तोटा. शिकविण्यात तोच नफा.

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटीत आपल्या गल्लीतील एका तरी मुलाला एखादा विषय शिकवून पाहा. प्रथम मात्र त्याला काय येते, ते विचारा.