पॉल स्ट्रँडचें पहिलें प्रदर्शन

तरुण कलावंताच्या पहिल्या प्रदर्शनाची वार्ता कानीं आली म्हणजे आपलें लक्ष त्या दिवसाच्या थाटाकडे जातें. त्यामागचीं वर्षें सहसा कोणी मोजीत नाहीं. न्यूयॉर्कचा छायाचित्रकार पॉल स्ट्रँड याच्या बाबतींत तीं मोजतां येतात आणि त्यांचा आरंभ एका शाळेच्या वर्गांत होतो. म्हणून हा वृत्तांत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटलें.

स्ट्रँडचा जन्म १८९० सालीं न्यूयॉर्क शहरांत झाला. तो बारा वर्षांचा असतां वडिलांनीं त्याला एक साधा कॅमेरा घेऊन दिला. पुढें तो एथिकल कल्चर स्कूल या शाळेंत शिकूं लागला. तेथें लुईस हाइन हे शिक्षक होते. गिरण्यांत व खाणींत राबणाऱ्या लहान मुलांचीं छायाचित्रें घेऊन या गृहस्थांनीं पुढें साऱ्या अमेरिकेचें लक्ष त्या अन्यायाकडे वेधलें. परंतु त्या काळीं ते मुलांना निसर्गाचे पाठ देत आणि ज्यांना आवड असेल त्यांना छायाचित्रण शिकवीत. १९०७ च्या सुमारास ते आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन फिफ्थ अॅव्हेन्यू या रस्त्यावरील एका चित्रदालनांत गेले. घराचा क्रमांक २९१, म्हणून दालनाचेंही नांव '२९१'. (पुढच्याच वर्षीं तें शेजारच्या २९३ क्रमांकाच्या घरांत हललें, तरी नांव बदललें नाहीं.) आल्फ्रेड स्टीग्लिट्झ हे प्रसिद्ध छायाचित्रकार तें चालवीत. छायाचित्र ही यंत्राची करामत नसून चित्रकलेच्या पंक्तीला बसणारी कला आहे, असा त्यांचा आग्रह होता. त्या लहान खोल्यांतील चित्रें पाहून आपण छायाचित्रकारच व्हावयाचें असें सतरा वर्षांच्या स्ट्रँडनें मनाशीं ठरविलें.

निश्चय एका दिवसांत झाला. प्रदर्शनास मात्र नऊ वर्षें लागलीं. १९०९ सालीं शाळा सुटल्यावर त्यानें कांहीं काळ वडिलांच्या व्यापारांत काम केलें आणि नंतर छायाचित्रणावर पोट भरण्यास आरंभ केला. मधून मधून तो आपलीं चित्रें घेऊन स्टीग्लिट्झ यांच्याकडे जाई आणि त्यांचें मत विचारी. आपल्या मुलानें काढलेलें चित्र कोणास दाखवितांना "छान आहे" एवढेंच ऐकण्याची आपणां वडील माणसांस घाई असते. स्ट्रँडला तेथें जें मिळालें तें याहून कठोर होतें, आणि फार उपयोगी होतें.

त्या काळीं कलात्मक म्हणून गाजणारीं बहुतेक छायाचित्रें मुद्दाम धूसर काढीत. त्यासाठीं विशेष प्रकारचें भिंग मिळे. त्याच्या मध्यभागांतून आणि कडेकडून येणारे किरण एकाच जागीं मिळत नसत. त्यामुळें वस्तूची कड विरघळल्यासारखी दिसे आणि धुक्यांतल्या चित्राची शोभा फुकट पदरांत पडे. स्ट्रँडही असेंच भिंग वापरी. स्टीग्लिट्झ यांनीं दोष दाखविला तो असा कीं, अशा चित्रांत गवत, पाणी, झाडाची साल, हीं सर्व एकाच पदार्थाचीं बनल्यासारखीं दिसतात. एकीचा पोत दुसरीहून निराळा राहत नाहीं. उपायही त्यांनींच सांगितला: भिंगाचें छिद्र लहान करावें. छिद्र लहान केलें म्हणजे कडेचे किरण अडतात व चित्र रेखीव येतें. मात्र प्रकाश थोडा आंत येत असल्यामुळें काचेला तो अधिक वेळ द्यावा लागतो. सल्ला साधा दिसतो. परंतु तो मानणें म्हणजे ज्या सौंदर्यावर लोक भाळत होते तेंच टाकून देणें. आमच्या मतें या सबंध हकीकतींतील अवघड पायरी हीच होती.

१९१५ सालीं तो नवीं चित्रें घेऊन गेला तेव्हां स्टीग्लिट्झ यांनीं त्यांचें प्रदर्शन करण्याचें व आपल्या 'कॅमेरा वर्क' या नियतकालिकांत तीं छापण्याचें वचन दिलें. त्याच वर्षींचें त्याचें 'वॉल स्ट्रीट' हें चित्र पाहा. नुकत्याच बांधलेल्या मॉर्गन पेढीच्या भिंतींत प्रचंड, काळ्याकुट्ट चौकटी आहेत. त्यांच्या पायथ्याशीं सकाळच्या उन्हांत कांहीं माणसें चाललीं आहेत. सावल्या लांब पडल्या आहेत, चेहरे ओळखूं येत नाहींत. चित्रांत कोठेंही धुकें नाहीं, आणि तरीही तें पाहून मन दडपतें. त्या चौकटी धमकावणाऱ्या वाटल्या, असें स्ट्रँडनेंही पुढें सांगितलें.

१९१६ च्या मार्च महिन्यांत '२९१' मध्यें त्याचें प्रदर्शन भरलें. विषय न्यूयॉर्क व इतर कांहीं स्थळें एवढाच होता. तेव्हां त्याचें वय पंचवीस. या भिंतींवर तोंवर मातीस, सेझान, पिकासो यांचीं चित्रें लागून गेलीं होतीं. छायाचित्रें मात्र १९१३ नंतर लागलीं नव्हतीं. त्याच सालच्या ऑक्टोबरांत 'कॅमेरा वर्क'च्या ४८ व्या अंकांत त्याचीं सहा चित्रें छापलीं गेलीं. 'वॉल स्ट्रीट' त्यांत होतें.

प्रदर्शनानंतर तो रस्त्यावरील माणसांकडे वळला. त्यांना न कळतां चित्र घेतां यावें म्हणून त्यानें कॅमेऱ्याच्या बाजूला खोटें भिंग बसविलें. गळ्यांत 'आंधळी' या अक्षरांची पाटी अडकविलेल्या एका स्त्रीचें चित्र या काळांतलें. चित्र थोर आहे याविषयीं वाद नाहीं. अशी चोरून घेण्याची रीत मात्र आम्हांस मनापासून मान्य होत नाहीं.

१९१७ सालीं तें दालन बंद पडलें. 'कॅमेरा वर्क'चे आरंभींचे सुमारें हजार वर्गणीदार घटत घटत चाळिसांच्याही खालीं आले होते. जूनमध्यें शेवटचा जोडअंक निघाला. त्यांत छायाचित्रें अकरा होतीं, आणि तीं सर्व स्ट्रँडचीं होतीं.